इन्शुलिन आणि धारणीचं ऊन

सूनबाई, सगळ्यात आधीची गोष्ट आधी सांगते. घरात फ्रिज नाही म्हणून लेकराचं इन्शुलिन एक वेळही चुकवायचं नाही. भाच्याची बदली मेळघाटात आतल्या आश्रमशाळेवर झाली, तिथं लाइन कधी येते कधी जाते, पावसाळ्यात गेली तर दोन-दोन दिवस तिचा पत्ता नसतो, हे कळल्यापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही. ‘आत्याबाई, औषध खराब झालं तर?’ हे तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होतीस. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. घरात जो कोणी लेकराला सुई देईल त्यानं हे वाचावं, भाच्यानंही.

आपल्या लेकराला टाइप-१ मधुमेह आहे. त्याचं शरीर स्वतःचं इन्शुलिन बनवत नाही. उन्हानं थोडी ताकद गमावलेलं इन्शुलिन दिलं तर साखर वाढेल, त्रास होईल, पण हाताशी वेळ राहतो. इन्शुलिन दिलंच नाही तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठायला लागतं आणि लेकरू हातचं जाऊ शकतं. म्हणून बाटली तापल्याचा संशय आला आणि दुसरी हाताशी नसली, तर तीच देत राहायची, साखर जास्त वेळा तपासायची आणि त्याच दिवशी नवीन बाटलीसाठी माणूस धारणीला धाडायचा. ‘औषध गरम झालं, म्हणून दिलं नाही’ हे वाक्य तुझ्या तोंडून मला कधी ऐकू येऊ नये.

आता फ्रिजचं. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवल्या की छापलेल्या तारखेपर्यंत टिकतात. फ्रिज लागतो तो या साठ्याला. रोजच्या वापरातल्या बाटलीला तो लागत नाही. उघडलेली बाटली बाहेर सावलीत ठेवता येते, बहुतेक बाटल्यांना ४ आठवडे, काहींना ६. कंपनीनं कागदावर लिहिलेलं असतं, २५ अंशांच्या खाली की ३० च्या खाली, आणि किती दिवस. तो घडी केलेला कागद खोक्यातून काढून फेकू नको. अक्षर बारीक असतं, भाच्याला वाचायला लाव आणि ते दोन आकडे मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून ठेव. थंडगार इन्शुलिन टोचलं की लेकराला जास्त झोंबतं, हेही लक्षात घे. वापरातली बाटली बाहेर असणं त्याच्याही सोयीचं आहे.

मग अडचण कुठं येते? आपल्याकडं ३० अंशांच्या खाली घर असतं कधी! मार्चअखेरीपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत धारणीत दुपारी पारा ४० च्या पुढं, मेमध्ये ४२-४४. टिनाच्या छपराखाली तर बाहेरच्याहून जास्त तापतं. इन्शुलिन हे प्रथिन आहे. अंडं एकदा उकडलं की पुन्हा कच्चं होत नाही, तसं इन्शुलिनही एकदा उष्णतेनं बिघडलं की मग कितीही गार करा, परत सुधारत नाही. फरक एवढाच की अंड्याचं दिसतं आणि इन्शुलिनचं बऱ्याचदा दिसत नाही. हे बिघडणं एका क्षणात होत नाही, तापमान आणि दिवस या दोघांचा तो हिशेब असतो. दुपारी दोन तास ३६ अंशांत राहिलेली बाटली आणि मोटारसायकलच्या डिक्कीत उन्हात तापलेली बाटली, या दोघींना एका मापानं मोजू नको. पहिली वापर, दुसरी बदल.

या बाबतीत अलीकडं मोठा दिलासा मिळाला आहे, आणि तो आपल्यासारख्याच जागेतून आला आहे. केनियात सोमाली निर्वासितांची दागाहाले नावाची छावणी आहे, ऊन आपल्यासारखं, घरात फ्रिज नाही. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेनं तिथल्या घरातलं तापमान मोजलं. ते दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांमध्ये खालीवर होत होतं. जिनिव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत इन्शुलिनच्या बाटल्या अगदी तशाच खालीवर होणाऱ्या तापमानात ४ आठवडे ठेवल्या आणि तपासल्या. फ्रिजमधल्या बाटल्यांच्या तुलनेत ताकदीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. पुढं २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जगभरचे असे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की मानवी इन्शुलिनच्या काही प्रकारांच्या न उघडलेल्या बाटल्या २५ अंशांपर्यंत ६ महिने आणि ३७ अंशांपर्यंत २ महिने कामाच्या राहतात. हे मी तुला धीर यावा म्हणून सांगते, सैल सोडायला नाही. त्या अभ्यासात ३७ ही वरची हद्द होती आणि आपली मेमधली दुपार त्या हद्दीच्या पुढं जाते. ती दुपार ३० च्या आसपास, निदान ३५ च्या आत आणायची. तेवढं काम आपल्या कुंभाराचं मडकं करतं.

नीट ऐक, कारण मडक्यात ठेवतात हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण कसं ठेवायचं ते थोड्यांना.

दोन मडकी घे, एक मोठं, एक त्यात सहज मावेल असं लहान. दोन्ही साधी, भाजलेली, बिनारंगाची. बाजारात हल्ली चमकदार रंग दिलेले, नळ लावलेले माठ मिळतात, ते घेऊ नको. रंगानं मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी झिरपत नाही. पाणी झिरपून बाहेर वाळतं, वाळताना मडक्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं गार होतं. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर याच नियमावर चालतो. मोठ्या मडक्याच्या तळाशी धुतलेली वाळू चार बोटं घाल, त्यावर लहान मडकं ठेव, आणि मधली सगळी जागा वाळूनं भर. सिपना नदीची वाळू चांगली, पण माती गेली पाहिजे, दोन-तीन पाण्यांतून काढ. वाळूत पाणी ओत, ओली गच्च होईपर्यंत. पाणी साचून लहान मडक्यात उतरेल इतकं नको. लहान मडक्यावर झाकण, झाकणावर ओलं सुती फडकं. पहिल्या रात्री दोन्ही मडकी रिकामी भिजत घाल, कोरं मडकं सुरुवातीला सगळं पाणी स्वतःच पितं.

नायजेरियातल्या मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकानं हीच दोन मडक्यांची युक्ती गावोगावी भाजी टिकवण्यासाठी पोहोचवली आणि २००० साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. गुजरातेत वांकानेरला मनसुखभाई प्रजापती या कुंभारानं तर मातीचा अख्खा फ्रिज बनवला. वेगवेगळ्या देशांतली मडकी इन्शुलिनसाठी मुद्दाम तपासूनही झाली आहेत, त्यात भारतातलीही होती. हवेत जेवढा गारवा मिळणं शक्य असतं त्याच्या जवळपास ती पोहोचतात, असं त्यात दिसलं. आपल्या कुंभाराच्या हातचं मडकं कमी दर्जाचं आहे असं मनात आणू नको.

इन्शुलिन लहान मडक्यात थेट ठेवायचं नाही. घट्ट झाकणाचा छोटा स्टीलचा किंवा प्लास्टिकचा डबा घे, त्यात बाटली तिच्या खोक्यासकट ठेव. नाहीतर ओलीनं लेबल सुटतं, अक्षरं पुसतात, आणि बिनलेबलाची बाटली म्हणजे कुणाच्याच कामाची नाही. पिण्याच्या पाण्याच्या माठात पिशवीत बांधून बुडवणारेही पाहिले आहेत. तसं करू नको. पिशवीत पाणी शिरतं, रबरी बूच सतत ओलं राहतं, आणि घरातला प्रत्येक जण तिथं ओगराळं घालत असतो.

मडकं ठेवायचं कुठं? अर्ध्याहून जास्त काम जागा करते. लोकांना वाटतं गार ठेवायचं म्हणजे बंद अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात. बंद खोलीत हवा हलत नाही, पाणी वाळत नाही, मडकं गार होत नाही. त्याला सावली हवी आणि वारा हवा, दोन्ही एकाच वेळी. उत्तरेकडची ओसरी सगळ्यात बरी. तिपाईवर ठेव, म्हणजे खालूनही हवा लागेल. चुलीपासून लांब, टिनाच्या अगदी खाली नको. क्वार्टरला टिन असेल तर शेजारच्या कवेलूच्या, मातीच्या भिंतीच्या घरात जागा माग, कुणी नाही म्हणणार नाही. झाकणावर दगड ठेवजो. मेळघाटातली माकडं तुला अजून माहीत नाहीत, डबा दिसला की ती तो घेऊन कवेलूवर जाऊन बसतात.

पाणी सकाळी एकदा आणि दुपारी बाराच्या आत एकदा. मेमध्ये संध्याकाळीही. हे काम लेकराकडं दे, त्याचं औषध आहे, त्याला जबाबदारी कळेल. पण रात्री निजताना तू स्वतः वाळूत बोट घालून पाहजो.

आणि एक थर्मामीटर घे, ताप पाहायचा नव्हे, खोलीचा. अमरावतीला, परतवाड्याला मिळतो, फार महाग नसतो. तो डब्यात बाटलीच्या जागी ठेव आणि दुपारी तीन-चारच्या दरम्यान वाच, दिवसातली सगळ्यात तापलेली वेळ तीच. पहिला आठवडाभर आकडे वहीत लिही. मडक्यावर विश्वास ठेवायच्या आधी मडक्याची परीक्षा घे, बाटली आत ठेवण्यापूर्वीच. ४४ अंशांच्या कोरड्या दुपारी ओल्या कापडाचा पारा २३-२४ पर्यंत उतरू शकतो. मडकं तितकं खाली जात नाही, पण २६-२८ दाखवलं तर समजायचं की कुंभारानं चांगलं भाजलं आहे. जुनं झालं की मडकं गार करेनासं होतं, पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात. काथ्यानं घास, साबण लावू नको. तरी आकडा चढताच राहिला तर नवीन घे. आपण दर उन्हाळ्यात माठ बदलतो तो याचसाठी.

पावसाळ्यात हेच मडकं काही करत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नको. जुलैत हवा इतकी ओली असते की पाणी वाळतच नाही, मडक्याचं आणि खोलीचं तापमान जवळजवळ सारखं होतं. पण त्या दिवसांत खोलीच २६-२९ अंशांवर असते. म्हणजे मडकं आळशी होतं तेव्हा गरजही उरत नाही. वाळू कोरडी कर, बुरशी धरू देऊ नको, आणि बाटली डब्यात घालून देवळीत ठेव. ऑक्टोबरात उघाड पडली आणि ऊन चिडलं की वाळू पुन्हा ओली. थंडीत आपल्याकडं बाहेर गारठा चांगला पडतो, तेव्हा चूक उलट्या बाजूनं होते. माणसं शेकोटीजवळ, चुलीच्या वरच्या फळीवर औषध ठेवतात. तिथं नको. घरातली साधी सावलीची फळी पुरे.

आता गारव्याची भीती. मी नर्सबाई होते, लसीचा डबा खांद्याला अडकवून या डोंगरांत फिरले, म्हणून हे मला पोटातून माहीत आहे. लोक उष्णतेला भितात आणि बर्फावर आंधळा विश्वास ठेवतात. धनुर्वाताची, काविळीची लस गोठली की मेली, तसंच इन्शुलिन. गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसू शकतं, पण त्याची ताकद किती उरली हे कुणीही सांगू शकत नाही. ते फेकायचंच. उष्णतेच्या संशयात मी तुला ‘नवीन येईपर्यंत देत राहा’ म्हटलं, ते गोठलेल्याला लागू नाही; आणि मुळात गोठण्याची वेळच येऊ देऊ नको, ते सगळं आपल्या हातात असतं. म्हणून बर्फाच्या खड्यांत बाटली पुरायची नाही, फ्रिजरच्या कप्प्यात नाही, त्याच्या भिंतीला टेकून नाही. लस नेताना आम्ही फ्रिजरमधून काढलेला आइसपॅक लगेच डब्यात घालत नसू. तो बाहेर ठेवायचा, हलवून पाहायचा, आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच डब्यात. कुणी आइसपॅक दिला तर हा नियम पाळ, वर त्याला जाड कापडात गुंडाळ आणि बाटली त्याला टेकू देऊ नको.

आरोग्य केंद्रात लसीचा फ्रिज असतो, त्याला आयएलआर म्हणतात. तिथं इन्शुलिन ठेवा म्हणून नर्सताईंशी हट्ट करू नको. त्यात लसीशिवाय दुसरं औषध ठेवायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. औषधांसाठी वेगळा फ्रिज असेल तर तेवढं विचार.

प्रवासाचं सांगते. धारणीहून परतवाडा म्हणजे हरिसाल, सेमाडोह करत सगळा घाट. एसटीत बसलीस तर औषधाची पिशवी मांडीवर, उन्हाच्या बाजूच्या खिडकीत नाही, ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर तर मुळीच नाही. भाचा मोटारसायकलनं जाणार असेल तर डिक्कीत नाही, टाकीवरच्या कव्हरात नाही. पाठीवरच्या पिशवीत, कपड्यांच्या मध्ये. सगळ्यात सोपं साधन म्हणजे रुंद तोंडाचा थर्मास. त्यात गार पाणी घालून दहा मिनिटं ठेव, पाणी ओतून टाक, कोरडा पूस, डबीतली बाटली ओलसर रुमालात गुंडाळून आत घाल. बर्फ नको. दिवसभराचा रस्ता निघतो.

दुसरी वस्तू म्हणजे दाणेदार थैली. पाण्यात बुडवली की आतले दाणे फुगून जेलीसारखे होतात आणि पाणी वाळताना थैली गार राहते, पुष्कळ तास, दाणे सुकले की पुन्हा बुडवायची. मोठ्या शहरात किंवा ऑनलाइन मिळते. जुन्या लोकांची ट्रकला, बंडीला टांगलेली पाण्याची छागल आठवते ना? काम तेच. म्हणून ही थैली बंद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची नाही, ती हवेत लटकली पाहिजे, नाहीतर तिचा काही उपयोग नाही. मिळाली नाही तर सुती कापडाच्या दोन-तीन घड्या ओल्या करून डबीभोवती गुंडाळ आणि झाडाच्या फांदीला वाऱ्यात टांग. दिसायला साधं, पण लग्नाकार्यात, शेतावर हेच हाताशी असतं.

भाच्याच्या शाळेतल्या पोरांचे आईबाप हंगामात कामाला बाहेर जातात, हरभरा सोंगायला, गव्हाला, वीटभट्टीवर, कुणी मध्य प्रदेशात. त्यांच्यात कुणाला साखरेचा आजार असला तर हे त्यांनाही सांग. त्यांना दोन मडकी डोक्यावर नेणं जमणार नाही, पण एक लहान मडकं आणि ओलं फडकं जमतं, आणि जिथं उतरतील तिथं झाडाच्या सावलीत ओल्या वाळूत अर्धं पुरून ठेवणं जमतं. कोरकू भाषेत सांगणारं माणूस जवळ घेऊन सांग, आपल्या मराठीत घाईनं नको. आणि कुणी भूमकाबाबाकडं उपचाराला जात असेल तर त्याला रागावू नको. तिथं जा, पण सुई चालू ठेव, एवढंच सांग. सुई बंद झाली नाही की बाकीचं बोलायला वेळ मिळतो.

आता बाटली वाचायला शीक. साधं इन्शुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. त्यात गढूळपणा, धागे, तरंगणारे कण, पिवळट झाक, काही दिसलं तर ते वापरायचं नाही. मिसळलेलं आणि लांब चालणारं जुन्या पद्धतीचं इन्शुलिन दुधाळ असतं. ते तळहातांमध्ये हळूहळू दहा-वीस वेळा फिरवायचं, खळाखळा हलवायचं नाही. सगळीकडं एकसारखं पांढरं झालं पाहिजे. गुठळ्या राहिल्या, किंवा काचेला आतून दव गोठल्यासारखा थर चिकटला, तर ती गेली. रोज सुई भरण्याआधी उजेडात धरून पाहजो, अगदी रोज.

पण डोळ्यांना सगळं दिसत नाही हे मघाच म्हटलं. बाटलीचा खरा साक्षीदार म्हणजे लेकराची साखर. जेवण तेच, डोस तोच, ताप नाही, सर्दी नाही, सुईची जागाही बदललेली आहे आणि तरी साखर दोन दिवस चढी, तर पहिला संशय बाटलीवर घ्यायचा. डोस वाढवायच्या आधी बाटली बदल. हे फार महत्त्वाचं आहे. कमजोर बाटलीवर डोस वाढवत नेला आणि मग नवी, पूर्ण ताकदीची बाटली उघडली, तर तोच वाढलेला डोस लेकराला एकदम खाली पाडतो. म्हणून नवीन बाटली उघडली की पहिले दोन दिवस जास्त वेळा तपास, रात्रीसुद्धा, आणि उशाशी साखर किंवा गूळ असू दे. घाम, थरथर, चिडचिड दिसली की आधी साखर तोंडात, मग बाकीचं.

तपासायच्या पट्ट्या मात्र ओल्या मडक्यात ठेवू नको. त्यांना ओल चालत नाही, उष्णताही नाही. त्यांची डबी घट्ट बंद, घरातल्या त्यातल्या त्यात गार, कोरड्या जागी. मशीन तापलं तर तापमानाची खूण दाखवतं, नाहीतर चालतच नाही. तेव्हा ते सावलीत निववायचं, मग पुन्हा.

तारखेचा हिशेब करू. उघडताच बाटलीवर चिकटपट्टी लाव आणि पेनानं तारीख लिही, उघडल्याची आणि त्याखाली फेकायची. आपल्याकडच्या साध्या बाटलीत १० मिली असतं, मिलीला ४० युनिट, म्हणजे ४०० युनिट. दिवसाला २० युनिट लागत असतील तर बाटली २० दिवसांत संपते, ४ आठवडे होण्याच्या आतच. पण डॉक्टरांनी दोन प्रकारची इन्शुलिन दिली असतील आणि त्यातलं एक दिवसाला ८ युनिट असेल, तर ती बाटली ५० दिवस पुरेल. पुरते म्हणून वापरू नको. मुदत भरली की उरलेलं इन्शुलिन टाकायचं, पैसे गेले तरी. अशा वेळी डॉक्टरांना पेनच्या कार्ट्रिजबद्दल विचार. त्यात ३ मिली, ३०० युनिट असतात, वाया कमी जातं. पेन वापरलास तर सुई लावून ठेवायची नाही, हवा शिरते आणि थेंब गळतात.

इथंच सिरिंजचं. ४० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तिची टोपी लाल. १०० ची बाटली असेल तर १०० ची सिरिंज, टोपी केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चढतो किंवा उतरतो. दुकानदारानं काहीही हातात दिलं तरी आकडा तू स्वतः वाच. दुकानात बाटली फ्रिजमधून काढताना दिसली पाहिजे, काउंटरवरची घेऊ नको. तारीख बघ, बिल घे. आणि शक्यतो सकाळी ऊन चढायच्या आधी खरेदी करून गाडीत बस.

एवढं सगळं करूनही कधी तरी बिघडेल. ओळख लक्षात ठेव. सारखी तहान, सारखी लघवी, मग उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, सुस्ती. यातलं काही दिसलं की सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन, रेंज नसेल तर शाळेची, सरपंचाची, कुणाचीही गाडी. धारणीचं उपजिल्हा रुग्णालय आहे, उतावलीला डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेचं रुग्णालय आहे. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी ऐंशीच्या दशकापासून या डोंगरात रात्री-बेरात्री माणसं वाचवली, त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या गावाहून यातलं कुठलं जवळ, पावसात कोणता नाला आडवा येतो, तेव्हा कोणत्या वाटेनं जायचं, हे तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवजो. पाऊस लागल्यावर विचारून उपयोग नाही. रस्त्यात पाणी पाजत राहा, लेकरू शुद्धीवर असेल तरच. बाटली, सिरिंज, साखरेची वही सोबत घे.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटोला लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली सुई दिली. त्याआधी असं लेकरू झालं की आईबापांनी उपाशी ठेवून थोडे महिने वाढवायचे, एवढाच इलाज होता. तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते. तरी त्या आयांनी ही औषधं सांभाळली आणि मुलं मोठी केली. तुला तर थर्मामीटर आहे, मोबाइल आहे, आणि मी धारणीत आहे.

साठ्याचं मी ठरवलं आहे. न उघडलेल्या बाटल्या माझ्याकडं फ्रिजमध्ये राहतील, मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून लांब, थर्मामीटरशेजारी. दारात ठेवणार नाही, दार सारखं उघडतं. लाइन गेली तर दार मी उघडत नाही, आतला गारवा पुष्कळ तास टिकतो. तुझ्याकडं एक वापरातली आणि एक जादा, बस. त्याहून जास्त आत नेऊ नको. एकदा इथून बाहेर नेलेली बाटली परत माझ्या फ्रिजमध्ये आणायची नाही, ती तुझ्याच हिशेबात धर, आणि तिच्यावरही बाहेर काढल्याची तारीख लिही. पावसाळ्याच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मात्र आणखी एक जादा घेऊन जा, नाले भरले की महिनाभर कुणाचं येणं होईल न होईल. भाचा पगाराच्या कामाला तालुक्याला येतोच, तेव्हा थर्मास घेऊन ये म्हणावं. आणि वापरून उरलेल्या, संशयाच्या, मुदत संपलेल्या सगळ्या बाटल्या वेगळ्या पिशवीत त्याच्याबरोबर माझ्याकडं धाड. कुठली किती दिवसांत बिघडली ते आपण वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहू, आणि पुढच्या उन्हाळ्याचं मडकं त्यावरून ठरवू.